जावई शाबूत, सासरा बोगस

माझ्या मिरच्या कुटायच्या डंकाशेजारच्या खोलीत आता एक बाई केक करते. आवाज नाही, धूर नाही, कटकट नाही. तरी अजून पोरं दारात येऊन विचारतात, "आज्जी, मेस्त्री कुठं गेला?" मी सांगते, गेला. मेला नाही, खोली सोडून गेला. लाईट सुधारली म्हणून गेला.

हे कुणाला पटत नाही, पण खरं आहे. गल्लीतला जुना ट्रान्सफॉर्मर बदलला, व्होल्टेज सरळ झालं आणि थोड्याच दिवसांत त्याने बोचकं बांधलं. म्हणाला, "आक्का, हितं आता मशीन पारखायला काय राह्यलं न्हाय. सगळीच पास व्हायला लागली." नदीकाठच्या कुठल्याशा गावात लाईट अजून भरवशाची खराब आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तिकडे गेला.

तो गेमिंगचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. ऑफिसात असतात ते नव्हेत. पोरं ज्याच्यावर बंदुकीचे खेळ खेळतात, ज्याला एका बाजूला काच असते आणि आत गणपतीच्या मांडवासारखे लाल-निळे दिवे फिरतात, ते. आणि माझा धंदा मिरच्या कुटायचा. डंक चालू झाला की भिंत हलते, आणि उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीचा हंगाम लागला की गल्लीच्या तोंडापासून माणूस शिंकत येतो. असल्या ठिकाणी शहाणा माणूस कॉम्प्युटरचं दुकान काढत नाही.

हा खोली बघायला आला तेव्हा त्याने पाणी किती वेळ येतं ते विचारलं नाही, भाडंसुद्धा विचारलं नाही. दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, डंक चालू केल्यावर ह्या खोलीतला दिवा मंद होतो काय?"

मी म्हटलं, "होतो की. पार पणतीगत होतो."

"मग खोली घेतली," म्हणाला.

मला वाटलं, डोक्याने अधू आहे. तसा तो होताच, पण त्याला त्याचं कारण होतं. मशीन दुरुस्त झालं की तो ते माझा डंक सुरू असताना चालवून बघायचा. पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरत राहायचं, मेंढीच्या लोकरीचं केल्यासारखं. त्याने म्हणे मशीनवर सगळ्यात जास्त ताण येतो. तिकडे कडं फिरतंय, इकडे डंक धाडधाड पडतोय, दिवा पणतीगत झालाय, आणि हा मांडी घालून मशीनच्या तोंडाकडे बघत बसलाय. त्यात मशीन टिकलं तर त्याच्या पाठीवर खडूने लिहायचा, 'डंक पास'. पोरं ते पुसू द्यायची नाहीत. एकाने तर तेवढ्याच जागेचा फोटो काढून कुठे कुठे पाठवला होता. माझ्या डंकावर चटणी करायला इचलकरंजीची माणसं येतात, त्याचं कुणाला काय नाही; पण डंक पास म्हटलं की पोरं मला नमस्कार करायला लागली.

मिरचीच्या पुडीवर त्याने इलाज काढला तो माझ्या जुन्या लुगड्याचा. ते ओलं करून दारावर सोडायचा. लाल व्हायचं ते लुगडं, रोज धुवायचा. तरी पूड आत जायचीच. दुरुस्त केलेलं मशीन घरी नेऊन लावलं की आतले पंखे जोरात फिरायचे आणि सगळं घर शिंकायचं. तक्रार आली की हा म्हणायचा, "शिंका येत्यात म्हणजे वारा खेळतोय. चांगलं लक्षण हाय."

माणसांशी त्याला बोलता यायचं नाही. गिऱ्हाईक दुखणं सांगायला लागलं की हात वर करायचा. "तू सांगू नको. मशीन सांगंल." पोरांना अरे-तुरे आणि मशीनला अहो-जाहो. "काय झालं तुम्हाला? बसा, बसा," असं म्हणत त्याचं झाकण उघडायचा. फक्त एक प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचा, आणि तोही डॉक्टर विचारतो तसा गंभीर होऊन.

"डोळं मिटलं का श्वास थांबला?"

नवीन पोरगं असलं की घाबरायचं. मग मीच डंकावरून ओरडून सांगायची, "अरे, पडदा काळा झाला पण पंखे फिरतायत, म्हणजे डोळे मिटले. सगळंच एकदम गप झालं, म्हणजे श्वास थांबला." डोळे मिटले तर बहुतेक दोष कार्डाचा. श्वास थांबला तर करंट पुरवणाऱ्या डब्याचा. मी चौथी शिकलेली बाई, मला खोक्यावरचं इंग्रजी वाचता येत नाही; पण भिंतीपलीकडून रोज ऐकून एवढं पाठ झालं होतं.

कार्ड आणि डबा हे शब्द माझे. तो तसं म्हणायचा नाही. मशीनमध्ये खेळाचं चित्र उमटवणारं मोठं कार्ड असतं, पंखे लावलेलं, सगळ्यात महाग. त्याला तो जावई म्हणायचा. आणि ज्या लोखंडी डब्यातून सगळ्या मशीनला करंट जातो, तो सासरा.

"बघा आक्का," तो मला समजावून सांगायचा, "घरात सगळ्यात मान कुणाला? जावयाला. सगळ्यात जास्त खाणार कोण? जावई. तापणार कोण? जावईच. आणि हे सगळं पुरवणार कोण? सासरा. त्यो खाली कोपऱ्यात बसलेला. त्याच्याकडं कुणी बघत न्हाय, दिवा न्हाय, काच न्हाय. पोरं काय करत्यात, जावई नवा भारी आणत्यात आणि सासरा जुनाच ठेवत्यात. मग एक दिवस सासरा बसतो खाली."

"आणि सासू?" मी विचारलं होतं.

"सासूचं मशीनमधे काय काम न्हाय," म्हणाला. "म्हणून तर मशीन दुरुस्त होतंय."

जावयाला करंट न्यायला दोन वेगळ्या वायरी लागायच्या. काही पोरं आळसाने एकाच वायरीची दोन टोकं लावायची. ते बघितलं की हा खवळायचा. "जावयाला उष्ट्या ताटात वाढतोस व्हय रं?" पोरगं बिचारं बारावीतलं, त्याला कुठला जावई आणि कुठलं ताट.

मी एकदा त्याला म्हटलं, "मेस्त्री, पन्नाशी आली तुझी, लग्न केलं न्हाईस. तुला सासऱ्याचं काय ठावं?"

"मिळाला न्हाय म्हणून तर नीट दिसतोय," म्हणाला.

त्याच्यापायी माझ्या अंबाड्याला आकडा राहिला नाही. सासरा जिवंत आहे का मेला हे बघायला त्याला एक वाकडी तार लागायची. डब्यातून निघालेल्या वायरींतली हिरवी आणि काळी त्या तारेने जोडली की डब्याचा पंखा फिरतो. जगात तारा काय कमी आहेत? पण ह्याला माझाच आकडा पाहिजे. गिऱ्हाइकासमोर हात पुढे करायचा, "आक्का, आकडा." मी मिरच्या सोडून केस धरून उभी. पंखा फिरला की पोरं टाळ्या वाजवायची, आणि हा त्यांना गप्प करायचा. "फिरला म्हणजे नुस्ता जिता हाय. बसल्या जागी कोण बी जिता असतो. वझं उचलंल काय, ते बघू दे."

दुसरी चोरी हळकुंडांची. हळद कुटायला आलेल्या पोत्यातून तो सरळ, कडक वाळलेलं हळकुंड निवडून न्यायचा. जावई वजनाने मशीनमध्ये खाली झुकतो, त्याच्या पोटाखाली टेकू द्यायला. मी शिव्या दिल्या तर म्हणायचा, "जावयाला हळद लागायलाच पायजे की आक्का." कोल्हापुरात किती मशीनमध्ये अजून हळकुंड उभं असेल, देव जाणे.

आता हुपरीच्या पोरीचं सांगते.

ऐन चटणीच्या दिवसांत ती बसने आली. वाकळीत गुंडाळलेलं मशीन मांडीवर धरून. कंडक्टरने म्हणे विचारलं होतं, "बाई, पोराला ताप हाय काय?" दारात आली, शिंकायला लागली आणि शिंकता शिंकता रडायला लागली. मी तिला डंकामागे नेऊन पाणी दिलं.

तिच्या बापाचा हुपरीला चांदीच्या पैंजणांचा कारखाना. कारखाना म्हणजे घरातच, चार कारागीर. नवरा कोल्हापूरचा, एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. पहिल्या दिवाळसणाला जावई अंगठी नको म्हणाला, गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे म्हणाला. त्याला म्हणे खेळ खेळताना लोकांना दाखवायचं होतं, त्यात नाव होतं, पैसेही मिळतात. सासऱ्याने दिला. स्वतः दुकानात जाऊन एक एक वस्तू घेतली. आणि चार महिन्यांनी, खेळ लोकांना दाखवायच्या पहिल्याच दिवशी, फौंड्रीतले सगळे मित्र आपापल्या फोनवर बघत असताना, ऐन लढाईत मशीन गप झालं. परत लावलं, परत गप. मित्र हसले. कुणीतरी लिहिलं, सासऱ्यानं डबडं दिलं.

जावई तडक हुपरीला गेला आणि कारागिरांसमोर सासऱ्याला म्हणाला, "द्यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. फसवायचं कशाला?" सासरा म्हणाला, "वस्तू चांगली दिली, तुझ्या हाताला वळण न्हाय." झालं. जावयाने मशीन बायकोच्या हातात दिलं, म्हणाला, "बापाचं डबडं बापाला दे." ती शिवरात्रीपासून माहेरी होती.

"मेस्त्रींनी फक्त एवढं सांगायचं, आज्जी," ती म्हणाली. "मशीन ह्यांनी बिघडवलं का आप्पांनीच वाईट दिलं. आप्पांची चूक असंल तर मी नांदायला जाते. ह्यांची असंल तर न्हाय जात."

"अगं, संसार काय डबड्यावर ठरवायचा?"

"मग कशावर ठरवू?" ती म्हणाली. "दोघंबी तेवढंच बोलत्यात."

 मी तिला मेस्त्रीकडे नेलं. तो म्हणाला, "डोळं मिटलं का श्वास थांबला?" मी तिला अर्थ सांगितला, कार्ड आणि डबा काय तेही. ती म्हणाली, "श्वास." त्याने फोन नंबर घेतला आणि लुगडं खाली सोडलं. तिचं बाकीचं काहीच त्याने ऐकलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगून तो ऐकणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. हातात स्क्रू असायचे म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर टाकायचा. त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. फोन पोरीने नाही, तिच्या बापाने उचलला.

"निकाल लागला," मेस्त्री म्हणाला. "जावई एकदम शाबूत हाय. त्याच्यात काय बी खोट न्हाय. सासरा बोगस निघाला."

 पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मी सोता उघडून बघितलंय. वरनं भारदस्त, आत काय न्हाय. असल्या सासऱ्याच्या जिवावर जावई चालंल कसा? काढून टाका त्याला."

"काढून टाका म्हंजे?"

"म्हंजे फेकून द्या. भंगारवाला बी घेणार न्हाय."

"तुझा पत्ता सांग," पलीकडचा म्हणाला. 

मेस्त्रीने आनंदाने सांगितला. चौकातून आत या, शिंका यायला लागल्या की थांबा, तेच दुकान. फोन ठेवून मला म्हणाला, "आक्का, गिऱ्हाईक चांगलं हाय. लगेच निघतो म्हणाला."

मी डंक बंद केला. भांडण ऐकायचं तर नीट ऐकावं.

बाप आला मोटारसायकलवर, मागे पोरगी. पांढरा लेंगा-शर्ट, चांदी घासून काळी पडलेली बोटं. पोरीने भिऊन नवऱ्याला फोन केला असणार, कारण त्यांच्यामागोमाग तोही फौंड्रीतून तसाच आला, भुवयांपर्यंत काळा. पण आधी सासरा आत शिरला.

"कोण म्हणालं मला बोगस?"

मेस्त्रीने मान वर केली नाही. "तुम्हाला कोण म्हणंल? सासऱ्याला म्हणालो."

"मीच सासरा!"

आता मेस्त्रीने वर बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, "किती वॅटचं?"

मला हसू आवरेना, पण म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पोरीने त्याचा हात धरून ठेवला. तेवढ्यात जावई लुगड्याखालून आत आला आणि म्हणाला, "काय बोलले मेस्त्री? मी शाबूत आणि सासरा बोगस? मामा, ऐका! तिऱ्हाईत माणूस सांगतोय!"

"तुझ्याच शिकवणीचा हाय ह्यो!"

"मी ह्यांना आयुष्यात बघितलं न्हाय!"

मेस्त्रीला यातलं काही पोचत नव्हतं. तो आपल्या निकालात होता. "जावई शाबूत म्हणालो, गुणी न्हाय म्हणालो," त्याने सुरू केलं. "एकटा सगळ्या घराचं खातो. जरा काम लावलं की तापतो. वजनानं पुढं झुकलाय, त्याला हळकुंड लावून उभा केलाय."

"ओ मेस्त्री, तोंड सांभाळा," जावई म्हणाला.

आता सासरा हसला. "बोला, बोला मेस्त्री. पावण्यांचं खरं सांगितलं बघा तुम्ही."

"पुरं करा!" पोरगी ओरडली. तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल. "मेस्त्री, जावई-सासरा राहू दे, तुमचं मशीन सांगा. कार्ड का डबा? चूक कुणाची?"

मेस्त्री उठला. उघडलेला डबा त्याने आणला आणि पाटावर उलटा केला. त्यातून एक ओबडधोबड लोखंडी तुकडा निघाला, मुठीएवढा. तो कशालाच जोडलेला नव्हता. आत डिंकासारख्या कशाने तरी चिकटवला होता.

"हे काय?" पोरीने विचारलं.

"वजन," मेस्त्री म्हणाला. "आत माल न्हाय, मग डबा हलका लागतो. हलका लागला तर कोण घेणार? म्हणून हे घालत्यात. खेळ जोरात आला की कार्ड करंट मागतंय, आणि ह्याच्यात हाय काय द्यायला? लोखंड?"

सासऱ्याने तो तुकडा उचलला. तळहातावर घेऊन जरा वरखाली केला, चांदी जोखतात तसा. त्याचा चेहरा उतरला. मी मिरचीत विटकर घालणारे बघितलेत, त्यांना पकडल्यावर चेहरा कसा होतो तेही बघितलंय. हा तसला चेहरा नव्हता. हा ज्याने विटकर विकत घेतली, त्याचा होता.

"दुकानात चार डबे समोर ठेवलते," तो हळू म्हणाला. "मला त्यातलं काय कळतंय? मी हातात धरून बघितलं. ह्योच भारी लागला. सगळ्यात म्हाग बी ह्योच होता. म्हटलं, पोरीच्या घरात जाणार हाय, चांगला असू दे."

"भारी लागला म्हणून घेतला?" मेस्त्री म्हणाला. "चांदी हाय काय ही?"

 पन्नास वर्षं ज्या हाताने हुपरीत चांदीची पारख केली, त्या हाताला एका डब्याने फसवलं होतं. जावयाला वाटलं असतं तर त्याने तिथे सासऱ्याला मातीत घातलं असतं. मी त्याच्याकडेच बघत होते. पोरगीही त्याच्याकडेच बघत होती.

त्याने सासऱ्याच्या तळहातावरून तुकडा घेतला. नखाने खरवडला, फरशीवर आपटून आवाज ऐकला.

"बीड हाय, मामा," म्हणाला. "ओतीव लोखंड. आमच्याकडचंच भंगार. मी रोज ह्याच्यातच असतोय, डबा घरात आल्यावर मी बी उचलून ठेवला, मला बी कळलं न्हाय. तुम्हाला कसं कळंल?"

सासऱ्याने तुकडा परत हातात घेतला. मग एकदम म्हणाला, "पावणं, त्या दुकानदाराला जरा भेटायचं काय?"

"चला की."

आणि दोघे एका मोटारसायकलवर बसून गेले. जावई पुढे, सासरा मागे, हातात तो तुकडा. चौक ओलांडेपर्यंत दोघांच्या शिव्या ऐकू येत होत्या, एकसारख्याच.

पोरगी मिरचीच्या पोत्यावर बसली. "बघा आज्जी. त्यांच्यापायी मी माहेरी बसले. आणि दोघं मला इसरून गेले."

"मग आता काय ठरवलंस?"

"चूक कुणाचीच न्हाय. आता काय ठरवू?"

इकडे मेस्त्रीने स्वतःजवळचा चांगला डबा मशीनला लावला होता. "चालवणार कोण?" त्याने विचारलं. "त्यालाच सांगतो, कसं जपायचं ते. दहा जणांना सांगितलं की कोणच करत न्हाय."

पोरीने माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. "मी," म्हणाली.

मग त्याने तिला समोर बसवलं, खेळ लावून दिला आणि कानाशी सांगत राहिला. जावयाला भिंतीला चिकटवायचं न्हाय. सासऱ्याला खालून वारा लागू दे. कोण तापलं तर आधी थंड होऊ दे, मग हात लावायचा. ती मान डोलावत होती आणि पडद्यावर दणादण माणसं मारत होती. मला वाटतं, शिवरात्रीपासून तिला कुणालातरी मारायचंच होतं.

दोघे परत आले तेव्हा नवा डबा घेऊन आले. दुकानदाराने गुपचूप बदलून दिला होता. दोघेही खुशीत. ओलं लुगडं बाजूला करून जावई म्हणाला, "चल, घरी जाऊया."

सासरा लगेच म्हणाला, "कुठल्या घरी? आधी हुपरीला जेवायला या की. मग काय ते बोलू."

"बोलायचं काय आता, मामा? झालं की."

"असं कसं झालं?"

"थांबा दोघंबी," पोरगी म्हणाली. तिने मागे वळून बघितलं नाही. "मी खेळतीया."

दोघे थांबले. तिचा खेळ संपला तशी ती उठली. "हे मशीन माझं हाय," ती म्हणाली. "लग्न मी केलं म्हणून दिवाळसण मिळाला. मी हे न्हेऊन सासरी लावणार. पण आप्पा, ह्याच्यावरनं ह्यांना परत काय म्हणायचं न्हाय. आणि तुम्ही बी आप्पांना."

"आणि मी कधी खेळू?" नवऱ्याने विचारलं.

"माझं झालं की."

सासरा असा हसला की त्याला ठसका लागला, आणि मग मिरचीने तो शिंकतच राहिला. मेस्त्रीने आपला डबा काढून नवा बसवला. पोरगी रिक्षात मशीन मांडीवर घेऊन बसली, नवरा मागून गाडीवर गेला. म्हातारा रिक्षा वळेपर्यंत रस्त्यात उभा होता. मग त्यानेही गाडीला किक मारली.

मेस्त्रीने स्क्रू गोळा केले. ते डबीत टाकता टाकता म्हणाला, "आक्का, ती दोन माणसं त्या पोरीची कोण?"

मी सगळं सांगितलं. फोन कुणी उचलला, सासरा कोण, जावई कोण, पोरगी कशासाठी आली होती. तो हातातलं काम थांबवून ऐकत होता. माणसांचं त्याने एवढं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे त्यो म्हातारा खराच सासरा?"

"व्हय."

"आणि मी त्याला फोनवर बोगस म्हणालो?"

"फेकून द्या म्हणालास. भंगारवाला बी घेणार न्हाय म्हणालास."

तो भिंतीला टेकून विचार करत बसला.

"मग दमदार माणूस हाय, आक्का," शेवटी म्हणाला. "एवढ्या भाराला कुठला बी डबा ट्रिप झाला असता."